आठ दिवसांची पट्टी

शेजारच्या आबांनी गोळ्यांची एक रिकामी डबी जपून ठेवली आहे. उघडली की आत कापूस आणि कापसात एक पोलादी पट्टी. करंगळीएवढी रुंद, आठ भोकांची. सोबत सात स्क्रू. आठवा नातवाने खेळता खेळता घालवला. ही पट्टी बारा वर्षे आबांच्या नडगीच्या हाडावर बसून होती. आबांचा सारा जन्म मालवणात होड्यांची इंजिने उघडण्यात गेला. आता मुलाच्या नोकरीपायी ते ओरोसला, म्हणजे सरकारी कागदावरच्या सिंधुदुर्गनगरीला, येऊन राहिले आहेत. धातू दिसला की त्यांचा अंगठा आपोआप त्यावरून फिरतो. पट्टी हातात आली तेव्हाही तो फिरला आणि एका भोकापाशी थांबला. बाकी पट्टी घासलेल्या ताटासारखी लखलखीत, पण जिथे स्क्रूचे डोके टेकत होते तिथे, कपाखाली चहाचा डाग उमटावा तसे, तपकिरी कडे पडलेले.

"खारो वारो कोणाक सोडणा नाय," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "पण पायात वारो खंयसून गेलो?"

प्रश्न रास्त होता. याचे उत्तर शोधायला माणसाला शंभरेक वर्षे लागली आणि ते अजूनही पुरते सापडलेले नाही. हा लेख त्या शंभर वर्षांचा आहे.

पायात वारा जात नाही, समुद्र मात्र आधीपासूनच असतो. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असे छापलेले असते. तेवढे मीठ आपल्या अंगातल्या पाण्याला मानवते. समुद्रात ते साधारण साडेतीन टक्के. म्हणजे तीन भाग गोड्या पाण्यात एक भाग मालवणचे पाणी मिसळले की जवळजवळ आपले अंग झाले. शिवाय ते कायम ३७ अंशांवर गरम, त्यात विरलेला प्राणवायू, त्यात प्रथिने. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जखमेभोवतीचे पाणी आम्लाकडेही झुकते. गंजाला याहून सोयीचे घर कुठले? मिठातला क्लोराइड हा इथला खरा गुन्हेगार. आकाराने लहान आणि चिवट. धातूच्या अंगावर जिथे कातडी पातळ असेल तिथे तो नेमका घुसतो.

धातूला कातडी असते, हे आधी सांगायला हवे. तापवलेल्या दुधावर साय धरते तशी ॲल्युमिनियम, क्रोमियम, टायटॅनियम, झिर्कोनियम यांच्यावर हवा लागताच ऑक्साइडची साय धरते. ती इतकी पातळ की माणसाच्या केसाच्या जाडीत तसले हजारो पापुद्रे मावतील. साय अखंड आहे तोवर आतला धातू सुखरूप. फाटली आणि लगेच पुन्हा धरली, तरीही सुखरूप. फाटली आणि धरलीच नाही, की तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि खड्डा आतल्या आत रुंदावत जातो. लोखंडाचे दुर्दैव असे की त्याची साय भुसभुशीत असते. पोपडा धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. त्यालाच आपण गंज म्हणतो.

हे रसायन ठाऊक नसतानाही किनाऱ्यावरच्या माणसाने खाऱ्या पाण्याशी कसे वागावे ते ओळखले होते. पश्चिम किनाऱ्यावरची जुनी गलबते खिळे न मारता काथ्याने शिवत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामाचा मुहूर्त झाला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत तट उभा राहिला. त्याच्या पायाच्या दगडांत शिसे ओतले, असे मालवणात आजही सांगतात. शिशाची निवड भाबडी नव्हे. खाऱ्या पाण्यात शिशावर क्षारांची करडी, न विरघळणारी साय धरते आणि काम तिथेच थांबते. शिसे मऊ असते, भार पेलण्याच्या कामाचे नाही. पण लाटेखाली दगडाचा सांधा धरून ठेवायला बळ लागत नाही, टिकाव लागतो.

त्याच किल्ल्यासमोर राजकोटवर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला आणि आठ महिने बावीस दिवसांनी, २६ ऑगस्ट २०२४ ला, कोसळला. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असे सांगण्यात आले. नटबोल्ट गंजू लागल्याचे सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलाला त्याच्या सहाच दिवस आधी लिहून कळवले होते. पुढे चौकशीच्या अहवालात कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगच्या जोडीला गंजाचेही नाव आले. एक आख्खा पावसाळा आणि खारी हवा, एवढे मालवणात पुरते. २०२५ च्या मे महिन्यात त्या जागी नवा, कितीतरी उंच पुतळा उभा राहिला. त्याचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा आहे. आबा पहिल्या दिवसापासून म्हणत होते ते आता सगळेच म्हणतात, म्हणून ते इथे लिहीत नाही.

किनाऱ्याचे हे शहाणपण अंगात मात्र चालत नाही. शिसे गंजत नसेल, पण ते विष आहे. तांबे होडीच्या बुडाला चालते, कारण त्याच्या विषाने शिंपले-कालवे दूर राहतात. हाडाला तेच विष बाधते. अंगात जाणाऱ्या धातूला दोन परीक्षा द्याव्या लागतात. मिठाने त्याला खाऊ नये, आणि खाल्लेच तर त्याचा चुरा माणसाला बाधू नये. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला धातूचा पाय बसवून दिल्याची कथा आहे. तो पाय पुढे किती पावसाळे टिकला, हे सूक्त सांगत नाही.

युरोपातल्या शस्त्रवैद्यांना पहिली कित्येक वर्षे या दोन परीक्षा वेगळ्या दिसल्याच नाहीत, कारण मध्ये पू होता. हाडात तार घातली की जखम चिघळायची, रोगी जायचा आणि दोष जंतूंवर किंवा नशिबावर जायचा. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा स्वच्छ ठेवण्याची पद्धत आणली आणि १८७७ मध्ये फुटलेली गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेने बांधली. १८८६ मध्ये हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समानने हाडावर स्क्रूने पट्टी बसवली. पोलादाची, वर निकेलचा मुलामा. त्याचा पुढचा विचार मोठा व्यवहारी होता: पट्टीचे एक टोक आणि स्क्रूंचे दांडे त्याने कातडीबाहेर ठेवले, म्हणजे काढताना पुन्हा कापायला नको. ही सोय जंतूंनाही तितकीच होती.

लंडनमध्ये विल्यम आर्बथनॉट लेनने हे दारही बंद केले. त्याच्या शस्त्रक्रियेत जखमेला बोट लावायचीही बंदी. सगळे लांब दांड्यांच्या चिमट्यांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या पोलादी पट्ट्या गाजल्या. जखमा कोरड्या राहिल्या, जंतू नाहीत, पू नाही, आणि तरीही काही महिन्यांनी स्क्रू सैल व्हायचे, पट्ट्या तडकायच्या, आजूबाजूचे मांस काळपट पडायचे. इथे प्रथमच धातू एकटा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. स्वच्छता आली नसती तर गंज दिसलाच नसता, असे मला वाटते. एका रोगाचा आवाज थांबल्यावर दुसऱ्याचा ऐकू येतो.

सुरुवातीचा उपाय साहजिकच चुकीचा होता: पट्टी तुटते, तर अधिक मजबूत करू. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यातला सर्जन विल्यम शेर्मन याने १९१२ मध्ये व्हॅनेडियम घातलेल्या पोलादाच्या पट्ट्या आणल्या. तुटण्याच्या बाबतीत त्या खरोखर सरस होत्या. गंजायच्या त्याही.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो अँटवर्पचा अल्बाँ लांबॉत. हाडे जोडण्याच्या शास्त्राला आज जे 'ऑस्टिओसिंथेसिस' नाव आहे ते त्याच्याच १९०७ च्या पुस्तकाने रूढ केले. हा गृहस्थ शस्त्रक्रियेची हत्यारे स्वतः घडवायचा आणि उरलेल्या वेळात व्हायोलिने बनवायचा; शंभरावर बनवली. लाकडाचा सांधा सरसाने कसा धरतो हे ज्याच्या बोटांना ठाऊक, त्याने हाडाचा सांधा धातूने धरून पाहावा यात नवल नाही. ॲल्युमिनियम, चांदी, पितळ, तांबे, मुलामा दिलेले पोलाद असे एकेक त्याने लावून पाहिले. आणि १९०६-०७ च्या सुमारास त्याला एक विलक्षण गोष्ट सुचली. हाड महिन्या-दोन महिन्यांत जुळणार; मग पट्टी जन्मभर कशाला? काम झाले की तिने आपोआप विरघळून जावे. असा धातू आहे: मॅग्नेशियम. हलका, मिठाच्या पाण्यात विरघळणारा, आणि अंगात एरवीही असणारा, म्हणून बिनविषारी.

रोगी सतरा वर्षांचा मुलगा होता, पायाचे हाड न जुळलेला. लांबॉतने शुद्ध मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती जागेवर धरायला सोन्याचा मुलामा दिलेले पोलादी खिळे वापरले. आठ दिवसांत पट्टीचा चुरा झाला. पाय सुजला, दुखू लागला, आणि कातडीखाली वायूचे फुगे धरले. बोटाने दाबले की चुरचुर वाजावे, तसे.

आबांना ही हकिगत सांगितली तेव्हा सोन्याच्या मुलाम्याशी येताच त्यांनी मान हलवली. ट्रॉलरच्या पितळी पंख्याजवळ बुडाला जस्ताचा एक ठोकळा ठोकलेला असतो. मालवणच्या जेटीवर त्याला नुसते 'झिंक' म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि दोघांतला हलक्या कुळीचा धातू दुसऱ्याच्या वाटचे झिजून जातो. झिंक खपले की बदलायचे. पंखा आणि बूड वाचते. हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तांब्याने मढवलेल्या जहाजांसाठी हीच युक्ती सांगितली होती. लांबॉतने नकळत त्या मुलाच्या पायात मॅग्नेशियमचे झिंक करून सोडले आणि ज्याला वाचवले ते खिळे. वायू होता हायड्रोजन. एक ग्रॅम मॅग्नेशियम विरघळले की जवळपास लिटरभर हायड्रोजन सुटतो. तेवढा वाहून न्यायला रक्ताला सवड हवी, आणि आठ दिवस ही सवड नव्हे.

कल्पना बरोबर होती, धातू तिला शंभर वर्षे लवकर भेटला. पुढे काहींनी मॅग्नेशियम पुन्हा वापरून पाहिले, पण सरधोपट वाट दुसरीकडे वळली होती: न विरघळणारा धातू शोधा.

१९२४ मध्ये अमेरिकेत आर्थर झिएरोल्डने कुत्र्यांच्या हाडांवर सोन्यापासून लोखंडापर्यंत बरेच धातू बसवून पाहिले. लोखंड-पोलाद भराभर विरघळले. कोबाल्ट-क्रोमियमचा स्टेलाइट नावाचा मिश्रधातू हाडाने सर्वांत निमूटपणे सोसला. आणि १९३७ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत चार्ल्स व्हेनेबल, वॉल्टर स्टक आणि त्यांचा सहकारी बीच यांनी लांबॉतच्या पायातले कोडे उलगडून दाखवले. एकाच हाडात वेगवेगळ्या धातूंचे स्क्रू घालायचे आणि पाहायचे. जिथे जोडी बेमेळ तिथे हाड खंगत गेले. पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचा, ही तोवरची सर्रास पद्धत. तिच्यावर त्या निबंधाने फुली मारली. त्यांनी उचलून धरलेला मिश्रधातू दंतवैद्यांच्या दुकानातला होता: कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचे व्हायटॅलियम. दातांच्या कवळ्या घडवायला आलेला धातू वर्षभरात खुब्याच्या वाटीत जाऊन बसला.

व्हायटॅलियमच्या कुळाची कथा इथेच संपवली तर खोटी ठरेल. साय अभंग असली तरी ती घासली जाते. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरणारे कोबाल्ट-क्रोमियमचे खुबे या शतकाच्या सुरुवातीला जोरात बसवले गेले. त्यांतला एक प्रकार २०१० च्या ऑगस्टमध्ये जगभरातून परत मागवावा लागला. भारतात तो सुमारे ४,७०० रुग्णांच्या अंगात होता. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात तक्रारीचा पाठपुरावा केला, केंद्राने समिती नेमली, भरपाईची सूत्रे ठरली. कोबाल्ट रक्तात उतरत होता. प्रत्येक पावलागणिक साय खरवडली जायची, पुन्हा धरायची, आणि दर वेळी थोडा धातू त्यात खर्ची पडायचा.

स्टेनलेस स्टीलही याच काळात अंगात आले. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल, हे १९२६ चे. पुढे क्लोराइडशी झुंजायला त्यात मॉलिब्डेनम पडले, कार्बन कमी झाला, आणि आज जे ३१६ एल म्हणून ओळखले जाते ते तयार झाले. आबांच्या डबीतली पट्टी याच घराण्यातली. तिच्यावरचे तपकिरी कडे आता समजते. स्क्रूचे डोके आणि पट्टी यांच्यातल्या फटीत पाणी जाते पण खेळत नाही. तिथला प्राणवायू संपतो, क्लोराइड साचतो, आणि चालताना डोके केसभर हलून साय खरवडते. बाहेर फाटलेली साय क्षणात धरते. फटीत धरायला काही उरलेलेच नसते. टायटॅनियम या बाबतीत कितीतरी वरचढ. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्कला १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी हाडापासून सुटेना, तेव्हा हाड त्या सायीला आपले मानते हे उमगले. पण तेही घासणीला मऊच.

साय, साय म्हणताना एक गोष्ट बाजूला राहिली. ती फाटते नेमकी कुठे? धातू वरून एकसंध दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो जांभ्याच्या भिंतीसारखा आहे. एकेक चिरा म्हणजे एक स्फटिक, चिऱ्या-चिऱ्यांत सांधा. भिंतीत पाणी मुरते ते सांध्यातून. धातूतही परकी द्रव्ये, गंधकाचे कण, क्रोमियमची चणचण हे सगळे सांध्यापाशी. मग सांधाच नसलेली भिंत बांधता आली तर?

ती बांधली एका चेलो वाजवणाऱ्या माणसाने. पॉल ड्युवे हाही बेल्जियमचाच, मॉन्स गावचा, जन्म १९०७ चा. लांबॉतचे पुस्तक आले त्याच सालचा. एकाने व्हायोलिने घडवली, दुसऱ्याने चेलो वाजवला, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. इतिहासात अशा गोष्टी असतात. त्यांतून काही काढायला जाऊ नये. ड्युवे अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत धातुशास्त्र शिकवत होता. क्लेमेंट आणि विलेन्स या सहकाऱ्यांबरोबर त्याने वितळलेल्या सोने-सिलिकॉनचा एक थेंब वायूच्या झोताने थंड तांब्याच्या पत्र्यावर फटकन मारला. थेंब पसरला तो कागदासारखा पातळ, आणि थंड झाला सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने. त्या चिंधीवर क्ष-किरण टाकले तर स्फटिकांच्या रेघा गायब. १९६० च्या सप्टेंबरात 'नेचर'मध्ये त्यावर छोटेखानी टिपण आले. धातूची काच जगात आली ती अशी.

काच म्हणजे आरपार दिसणारी वस्तू नव्हे. साखरेचा पाक दोऱ्यावर निवांत निवू दिला तर खडीसाखर होते: पैलू, कडा, सांधे. तोच पाक कडक करून ताटात ओतून झटक्यात थंड केला तर चिक्कीची गुळगुळीत चकचकीत चकती. कणांना रांगेत उभे राहायला उसंतच मिळत नाही. ज्या घोळक्यात होते त्याच घोळक्यात थिजतात. धातूचे कण साखरेच्या कणांपेक्षा फार चपळ, म्हणून त्यांना थिजवायला लाखो अंशांचा वेग लागतो. मग ती वस्तू धातूच असते: चमकते, वीज वाहते. फक्त तिच्यात चिरे नाहीत.

ही चिंधी खाऱ्या पाण्यात कशी वागते, याचा निकाल जपानमधल्या सेंदाई शहरात लागला. १९७४ मध्ये तोहोकु विद्यापीठात नाका, हाशिमोतो आणि मासुमोतो यांनी लोखंड, क्रोमियम, फॉस्फरस आणि कार्बन यांची काच केली आणि तिच्या फिती हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवल्या. क्रोमियम जेमतेम आठ-दहा टक्के. अठरा टक्क्यांचे स्टेनलेस ज्या द्रवात चाळणीसारखे होते, त्यातून काढलेल्या फितीच्या वजनात मोजता येईल अशी घट नव्हती.

सांधे नाहीत म्हणून गंज नाही, असे सोपे उत्तर द्यायला मन होते. तेवढे पुरेसे नाही. हाशिमोतोच्या प्रयोगशाळेतच दिसले की क्रोमियम काढून घेतले तर हीच काच साध्या लोखंडाहून वाईट गंजते. काचपण नुसते शस्त्र आहे, हात क्रोमियमचा. काचेतले कण अवघडून थिजलेले, सुटायला उतावीळ. आम्लात पडताक्षणी वरचे लोखंड झपाट्याने निघून जाते, फॉस्फरस त्याला हातभार लावतो, आणि मागे क्रोमियमची दाट साय उरते. सर्व अंगभर एकसारखी, एकाच क्षणी, कुठेही पातळ नाही. क्लोराइड दार शोधत फिरतो आणि त्याला फटच मिळत नाही. म्हणजे सर्वांत आधी गंजायला निघालेला धातूच सर्वांत लवकर कातडी धरतो. मला या सगळ्या इतिहासात हे वाक्य सर्वांत आवडते. लेन आणि शेर्मनना ते कुणी सांगितले असते तर त्यांनी वेड्यात काढले असते.

जाता जाता जिल्ह्याची एक गंमत. रेडीला लोखंडाचे खनिज, कणकवलीजवळ जानवली-वागद्याला क्रोमाइट, आणि कासार्ड्याला काचेच्या कारखान्यांना जाणारी सिलिका वाळू. लोखंड, क्रोमियम, काच, तिन्ही शब्द एका जिल्ह्याच्या मातीत. सेंदाईच्या काचेचा सिलिकाशी काही संबंध नाही, हे माहीत असूनही कासार्ड्याचा वाळूचा ट्रक महामार्गावर दिसला की मला ती फीत आठवते.

सेंदाईच्या फिती कागदाएवढ्या पातळ. त्यांचा स्क्रू कसा करणार? हा अडसर काढायला आणखी वीस वर्षे गेली. आकाराने लहानमोठे चार-पाच धातू एकत्र घातले की त्यांना रांग लावणेच जमत नाही, मग सावकाश थंड केले तरी ते थिजतात. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातच पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल आणि बेरिलियम यांची बोटभर जाडीची काच ओतली. झिर्कोनियमच्या काचांवर आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार बॅनर्जी, जी. के. डे यांच्यासारख्यांनी बरेच काम केले आहे. त्यांना ओढ होती ती या काचेत तापवल्यावर स्फटिक कसे उगवतात याची, कारण झिर्कोनियम हा अणुभट्टीच्या घरचा धातू.

डॉक्टरांचे लक्ष त्या जाड काचेकडे वेगळ्याच कारणाने गेले. पोलाद हाडाच्या मानाने फार ताठ; सगळा भार पट्टी घेते आणि खालचे हाड आळशी होऊन विरळ पडते. झिर्कोनियमची काच पोलादाच्या निम्मीच ताठ, पण ताकदीला वरचढ. पण पहिली परीक्षा घेतली तर मिठाच्या पाण्यात तिला खड्डे पडले, कारण तांबे. दुसऱ्या परीक्षेत ती उभीच राहू शकत नव्हती, कारण बेरिलियम विषारी आणि निकेलची ॲलर्जी तर नकली कानातले घालणाऱ्या निम्म्या गावाला माहीत असते. तेव्हापासून पाककृती बदलणे चालू आहे: बेरिलियम काढा, निकेल काढा, तांबे घटवा, नायोबियम घाला. घटक काढला की गंज सुधारतो आणि काच थिजायला कुरकुरते; घातला की उलटे. गोल्फच्या काठ्या या काचेच्या झाल्या, मोबाइलचे सिमकार्ड बाहेर काढायची टाचणी झाली. हाडांच्या रोजच्या शस्त्रक्रियेत ती अजून पोहोचलेली नाही.

आणि मग २००९ साली धागा पुन्हा लांबॉतच्या हाती आला. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठात झ्बेर्ग, उग्गोवित्सर आणि ल्योफ्लर यांनी मॅग्नेशियम, जस्त आणि कॅल्शियम यांची काच केली. तिघेही अंगाच्या ओळखीचे. स्फटिकरूप मॅग्नेशियममध्ये जस्त फार मिसळता येत नाही. थोडे जास्त झाले की ते वेगळे गोळा होते, आणि मॅग्नेशियमशेजारी जस्ताचा गोळा म्हणजे पुन्हा लांबॉतचा खिळा. काचेत ही अडचण नाही, घोळक्यात कितीही परके खपतात. त्यांनी जस्त वाढवत नेले. शंभर कणांत अठ्ठावीसच्या पुढे गेल्यावर हायड्रोजन एकदम ओसरला. काचेवर जस्ताची दाट साय धरू लागली होती, आणि तिच्याआडून मॅग्नेशियम बेताबेताने निघत होते. मग डुकरांच्या अंगात तबकड्या ठेवून पाहिल्या. स्फटिकी मॅग्नेशियमच्या भोवती वायूची पोकळी. काचेच्या भोवती नाही.

लांबॉतला जे हवे होते ते हेच, जवळजवळ. जवळजवळ अशासाठी की ही काच काही मिलिमीटरपेक्षा जाड ओतता येत नाही आणि दिवसागणिक ठिसूळ होत जाते. दरम्यान जर्मनीत २०१३ मध्ये मॅग्नेशियमच्या विरघळत्या स्क्रूंना परवानगी मिळाली, पण ते स्फटिकी मिश्रधातूचे आहेत. काच मागेच राहिली.

हे सगळे मी आबांना एका संध्याकाळी सांगितले. ड्युवेच्या थेंबाचे त्यांना फारसे काही वाटले नाही. डुकरांचे ऐकून मात्र ते सरसावले. डबीतली पट्टी बाहेर काढून त्यांनी भोकाभोवतीच्या कड्यावरून पुन्हा अंगठा फिरवला.

"म्हणजे परत कापूक नको?"

नको, म्हटले. आपोआप विरघळेल.

"आणि हाड जुळूच्या आधी विरघळला तर?"

मी आठ दिवसांची गोष्ट त्यांना नुकतीच सांगितली होती. आबांनी पट्टी कापसात गुंडाळली, सात स्क्रू मोजून आत ठेवले आणि डबीचे झाकण लावले.